नुकतेच समजलेले समजावून सांगताना

शैक्षणिक व्हिडिओ कोणी बनवावेत, हा प्रश्न आपल्याकडे कधी नीट विचारलाच गेला नाही. ज्याला विषय येतो त्याने, म्हणजे प्राध्यापकाने, हे उत्तर सगळ्यांनी गृहीत धरले होते. १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवरून ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू केली आणि पुणे विद्यापीठासारख्या ठिकाणी त्यासाठी निर्मितिकेंद्रे उभी राहिली, तेव्हा कॅमेऱ्यासमोर प्राध्यापक होता. पुढे आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी एनपीटीईएलची व्याख्यानमाला उभी केली, २०१७ च्या जुलैत केंद्र सरकारचे ‘स्वयं’ हे ऑनलाइन व्यासपीठ खुले झाले, तेव्हाही तोच होता. फळ्याच्या जागी स्लाइड आल्या, सॅटेलाइटच्या जागी मोबाइल आला, पण विद्यार्थी पडद्याच्या अलीकडे बसला होता तो तिथेच राहिला. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना या व्हिडिओंच्या निर्मितीत घेतले पाहिजे, आणि तेही स्नेहसंमेलनातल्या स्पर्धेपुरते न घेता अभ्यासाचा भाग म्हणून, असे या पुस्तिकेचे म्हणणे आहे. संहिता कशी लिहावी, आवाज कसा मुद्रित करावा, संकलन कसे करावे हे पुढच्या पानांत येईल. हे मुळात का करायचे आणि कोणत्या अटींवर, एवढेच प्रस्तावनेत मांडायचे आहे. त्यासाठी वाणगाव आणि त्याच्या आसपासचा डहाणू-तलासरीचा पट्टा समोर ठेवला आहे, कारण या कल्पनेची खरी गरज आणि खरी कसोटी दोन्ही तिथे एकत्र सापडतात.

वाणगाव हे पश्चिम रेल्वेवरचे, बोईसर आणि डहाणू रोड यांच्या मधले स्थानक. २०१३ च्या एप्रिलपासून मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली आणि कॉलेजसाठी रोज ये-जा करणे इथल्या मुलांना थोडे सोपे झाले. पश्चिमेला चिंचणीचे पी. एल. श्रॉफ महाविद्यालय, दक्षिणेला पालघरचे सोनोपंत दांडेकर, उत्तरेला बोर्डीचे विज्ञान महाविद्यालय, त्याही पलीकडे तलासरीत कॉम्रेड गोदावरी शामराव परुळेकरांच्या नावाचे महाविद्यालय. ही सगळी मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्यामुळे मुंबईतल्या संलग्न महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम आणि तलासरीच्या विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम कागदावर एकच. तिथवर पोचायची वाट मात्र एक नाही. तलासरी तालुक्यात दर दहा माणसांत नऊ आदिवासी आहेत. घरात वारली, धोडी, कोकणा किंवा किनाऱ्यावर मांगेली बोलायची, गुजरात जवळ असल्याने कानावर गुजराती पडायची, शाळेत किंवा आश्रमशाळेत मराठीतून शिकायचे, आणि विज्ञान शाखा घेतली की अकरावीच्या जूनमध्ये सगळेच इंग्रजीत. दहावीपर्यंत ज्या मुलीला त्वरण आणि संवेग यांतला फरक चांगला कळत होता, तिला तोच फरक अकरावीत ओळखू येत नाही आणि आपल्याला फिजिक्स जमत नाही असे तिला वाटू लागते. एनपीटीईएलचे उत्तमातले उत्तम व्याख्यान हा टप्पा तिने ओलांडला आहे असे धरूनच सुरू होते. हा टप्पा दोन-तीन वर्षांपूर्वी ओलांडलेली आणि त्यात कुठे पाय अडकला होता हे अजून न विसरलेली व्यक्ती म्हणजे तिच्याच गावातला एस.वाय. किंवा टी.वाय.चा विद्यार्थी. आपला सगळा युक्तिवाद या एका निरीक्षणावर उभा आहे.

विषय वीस वर्षे मुरला की त्यातल्या पायऱ्या माणसाला दिसेनाशा होतात. हा प्राध्यापकाचा दोष नाही, तज्ज्ञ होण्याचाच तो परिणाम आहे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने ही गोष्ट ओळखून तिच्यावर कार्यपद्धतीतच उपाय केला, म्हणून त्याकडे बारकाईने पाहायला हवे. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने, केंद्र सरकारच्या २००९ च्या राष्ट्रीय शिक्षण अभियानाच्या पैशातून हा प्रकल्प उभा राहिला. मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा मिनिटांचे धडे, तेही शिक्षकाविना एकट्याने शिकता येतील असे. प्रत्येक धड्याची संहिता दोन रकान्यांत लिहितात: डावीकडे पडद्यावर काय दिसेल, उजवीकडे निवेदन काय असेल. संहिता झाली की ती थेट विषयतज्ज्ञाकडे जात नाही. आधी ती त्या विषयातले काहीही न येणाऱ्या माणसाला देतात. तो संहिता हातात धरून संगणकावर एकेक पायरी करून बघतो, आणि जिथे त्याचे गाडे अडते तिथे संहिता दुरुस्त होते. यात अज्ञानाला एक अधिकृत काम दिले आहे, आणि ते काम तज्ज्ञाला करताच येत नाही. मग तज्ज्ञाची तपासणी, मग मुद्रण, मग भाषांतर. भाषांतरात पडद्यावरचे चित्र इंग्रजीच राहते, फक्त आवाज मराठी किंवा दुसऱ्या भारतीय भाषेत बदलतो, कारण नोकरीच्या ठिकाणी सॉफ्टवेअर इंग्रजीतच समोर येणार असते. मुलांनी व्हिडिओ एका बाजूला आणि सॉफ्टवेअर दुसऱ्या बाजूला उघडायचे, थांबवायचे, करून बघायचे, पुन्हा पुढे जायचे. आयआयटी मुंबईतल्याच ‘फॉसी’ प्रकल्पात देशभरच्या विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणे संगणकीय भाषेत उतरवून दिली आणि त्यासाठी त्यांना मानधन व प्रमाणपत्र मिळाले. विद्यार्थ्यांच्या हातून टिकाऊ शैक्षणिक साहित्य तयार होऊ शकते का, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातच दिले गेले आहे.

व्हिडिओ बघणाऱ्याचे काय होते याइतकेच महत्त्वाचे आहे ते बनवणाऱ्याचे काय होते. या बाबतीत पुरावा बराच स्पष्ट आहे. २०१३ मध्ये लोगन फियोरेला आणि रिचर्ड मेयर यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना डॉप्लर परिणामाचा, म्हणजे आवाज जवळ येताना आणि दूर जाताना त्याचा स्वर का बदलतो याचा, एक लहान धडा वाचायला दिला. काहींना सांगितले की तुमची परीक्षा होईल, काहींना सांगितले की तुम्हाला हे शिकवायचे आहे, आणि शिकवायच्या तयारीने वाचलेल्यांपैकी काहींनी प्रत्यक्ष कॅमेऱ्यासमोर उभे राहून तो धडा शिकवला. शिकवायचे आहे या भावनेने वाचणाऱ्यांना लगेचच्या चाचणीत फायदा दिसला, पण आठवड्याभराने टिकून राहिलेली समज प्रत्यक्ष शिकवणाऱ्यांकडे अधिक होती. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समध्ये विन्सेंट होगरहाइडे आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांतही वेबकॅमसमोर समजावून सांगणाऱ्या विद्यार्थ्यांना, केवळ परीक्षेसाठी वाचणाऱ्यांपेक्षा, नवी उदाहरणे अधिक चांगली सोडवता आली. समोर माणूस नसताना, नुसत्या कॅमेऱ्याकडे बघून बोलण्यानेसुद्धा हा फरक पडतो.

डॉप्लर परिणामाचाच धडा वाणगावच्या विद्यार्थ्याने बनवायचा ठरवला तर काय होईल बघा. पुस्तकात रुग्णवाहिकेचे चित्र असते. वाणगावात न थांबणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या दिवसभर हॉर्न वाजवत जातात. रेल्वेच्या हद्दीत चित्रीकरणाला परवानगी लागते, पण आवाज रुळांजवळच्या वस्तीतूनही मुद्रित करता येतो. गाडी ताशी १०८ किलोमीटर वेगाने गेली असे धरू, म्हणजे सेकंदाला ३० मीटर. आवाजाचा हवेतला वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. गाडी थेट आपल्याकडे येताना आणि थेट दूर जाताना ऐकू येणाऱ्या वारंवारतांचे गुणोत्तर ३७० भागिले ३१०, म्हणजे १.१९ च्या जवळपास येते. पेटीवर काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्या खाली उतरले की स्वर जवळजवळ तेवढाच उतरतो. विद्यार्थ्याने हॉर्नचे ध्वनिमुद्रण ऐकवावे, मग भजनी मंडळातल्या पेटीवर ते दोन स्वर वाजवून दाखवावेत, आणि मगच सूत्र लिहावे. हे जुळवताना त्याच्या लक्षात येते की आपण रुळापासून थोडे लांब उभे होतो, त्यामुळे स्वर एका झटक्यात न पडता घसरत गेला. का घसरला, याचे उत्तर त्याच्या पाठ्यपुस्तकातल्या सूत्रात नाही, ते शोधायला त्याला गाडीचा वेग आणि गाडी व आपण यांना जोडणारी रेषा यांच्यातल्या कोनापर्यंत जावे लागते. टी.वाय.च्या परीक्षेतही सहसा न विचारली जाणारी ही गोष्ट त्याने स्वतःहून शिकलेली असते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप अचूकतेचा. अर्धवट शिकलेल्याने शिकवले तर चुका पसरतील. ही भीती रास्त आहे आणि ती गोड बोलून झटकता येणार नाही. मात्र तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत: चूक असणे आणि चुकीविषयी चर्चा असणे. डेरेक मुलर यांनी २००८ मध्ये सिडनी विद्यापीठातल्या आपल्या पीएचडी प्रबंधात न्यूटनच्या नियमांवरच्या व्हिडिओंची तुलना केली. स्वच्छ, सुबोध विवेचन असलेले व्हिडिओ विद्यार्थ्यांना आवडले, समजले असेही वाटले, पण चाचणीत त्यांचे गुण फारसे हलले नाहीत. ज्या व्हिडिओंत एक विद्यार्थी आपली चुकीची समजूत मांडतो आणि संवादातून ती सुटत जाते, ते बघताना विद्यार्थ्यांना जास्त डोके लावावे लागले, आणि शिकले ते जास्त. बघणारा कोऱ्या पाटीने येत नाही. हलणाऱ्या वस्तूवर सतत बल लागतेच, ही समजूत घेऊन तो येतो, आणि विवेचन कितीही सुबोध असले तरी त्याला त्यात आपलीच समजूत ऐकू येते. कोणत्या चुकीच्या समजुती मांडायच्या, हे प्राध्यापकापेक्षा कालपर्यंत त्या बाळगणाऱ्या विद्यार्थ्याला नीट सांगता येईल. ती चूक शेवटी चूक म्हणून ठरली पाहिजे आणि तिचे खंडन निर्दोष असले पाहिजे, हे पाहणे प्राध्यापकाचे काम. म्हणून या पुस्तिकेत संहितेवर प्राध्यापकाची सही झाल्याशिवाय मुद्रणाला हात लावायचा नाही, असा नियम आहे. संहितेतले चुकलेले वाक्य दोन मिनिटांत दुरुस्त होते, संकलन झालेल्या व्हिडिओतले सहसा होत नाही.

विषय जितका जिव्हाळ्याचा तितका हा नियम कडक हवा. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरी पट्ट्यात, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे लहान-मोठे धक्के पुन्हा पुन्हा बसले. २०१९ च्या फेब्रुवारीत चार रिश्टरच्या आसपासचाही धक्का बसला, घरांच्या भिंतींना तडे गेले, लोक रात्री घराबाहेर झोपू लागले, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने या भागात भूकंपमापक बसवले. एकामागून एक लहान धक्के म्हणजे काय, त्यांतून पुढच्या मोठ्या धक्क्याची तारीख का सांगता येत नाही, कुडाच्या घरापेक्षा मातीच्या गाऱ्यात विटा रचलेले घर अधिक धोक्याचे का, हे वारलीतून आणि मराठीतून सांगणारा व्हिडिओ इथल्या विद्यार्थ्यांइतका चांगला कोण बनवेल? पण त्यातच ‘आता मोठा भूकंप येणार’ असे एखादे सैल वाक्य गेले तर गावात काय होईल, हेही इथल्यांना माहीत आहे. अशा विषयाला महाविद्यालयातला प्राध्यापकही पुरत नाही, बाहेरच्या भूशास्त्रज्ञाची तपासणी लागते. ती मिळत नसेल तर तो विषय थांबवावा.

दुसरा आक्षेप असा की सगळ्या विषयांचे हजारो व्हिडिओ आधीच पडून आहेत, त्यांत भर कशाला? उत्तरासाठी वाणगावचेच एक उदाहरण घेऊ. हे गाव मिरचीसाठी ओळखले जाते. भाताची कापणी झाली की शेतात मिरची, ढोबळी मिरची लागते, सूर्या प्रकल्पाच्या कालव्याचे आणि विहिरींचे पाणी तिला मिळते, आणि माल मुंबईला जातो. मिरचीची पाने आकसली की शेतकरी त्याला चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतो आणि दुकानात जाऊन औषध मागतो. पण पान हातात घेऊन पाहिले तर त्याच्या कडा वर वळल्या आहेत की खाली, यात बरेचसे उत्तर आहे. फुलकिड्यांनी रस शोषला की कडा वरच्या बाजूला वळतात आणि पान होडीसारखे होते. पिवळा कोळी लागला की कडा खाली वळतात, पान अरुंद होते, देठ लांबतो. फुलकिडा कीटक आहे, कोळी कीटक नाही, आणि एकाचे औषध दुसऱ्यावर चालेलच असे नाही. काही कीटकनाशकांनी तर कोळ्याचे शत्रू मरून कोळी आणखी फोफावतो. पांढऱ्या माशीने पसरवलेल्या विषाणूमुळे आकसलेले झाड तिसरेच, त्याला औषधच नाही, ते उपटावे लागते. कीटकशास्त्राचे धडे यूट्यूबवर ढिगाने आहेत, पण वाणगावच्या शेतातली ही तीन पाने शेजारी शेजारी ठेवून, दहा रुपयांच्या भिंगातून, या मातीत आणि या महिन्यात ती कशी दिसतात ते दाखवणारा व्हिडिओ बनवणे दूरच्या निर्मात्याच्या मनात येणार नाही. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यासाठी घराबाहेर पडले की पुरे.

स्थानिक माणसाने बनवलेल्या व्हिडिओचा परिणाम किती असतो, हे मोजले गेले आहे. ‘डिजिटल ग्रीन’ या संस्थेच्या सुरुवातीच्या काळात कर्नाटकातल्या गावांत शेतकऱ्यांनीच काम करून दाखवलेले व्हिडिओ शेतकऱ्यांना दाखवले गेले आणि मध्ये एक स्थानिक माणूस उभा राहून ते थांबवत, विचारत, चर्चा घडवत गेला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नेहमीच्या कृषिविस्तार पद्धतीच्या तुलनेत शेतकऱ्यांनी नवी पद्धत अंगीकारण्याचे प्रमाण सात पट आणि खर्चाच्या हिशेबाने परिणामकारकता दहा पट आढळली. त्याआधी १९७५ पासून खेडा जिल्ह्यात इस्रोने गुजरातीतल्या बोलीत, गावकऱ्यांना सामील करून कार्यक्रम केले होते, आणि १९८४ मध्ये अहमदाबादच्या ‘सेवा’ संस्थेतल्या, काही तर अक्षरओळख नसलेल्या बायकांनी व्हिडिओ कॅमेरा चालवायला शिकून आपल्या कामाच्या फिती बनवल्या होत्या. तलासरीच्या पलीकडच्या राज्यात हे घडून चाळीस वर्षे झाली. खुद्द डहाणू तालुक्यात तर याहूनही जुना धागा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. माँटेसोरीची महागडी साधने परवडत नाहीत म्हणून हळहळत न बसता त्यांनी शिंपले, बिया, पाने, खडे यांतून साधने घडवली, मुले शाळेत येत नाहीत म्हणून अंगणात बालवाडी भरवली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा नेली, आणि स्थानिक मुलींनाच शिक्षिका म्हणून तयार केले. शिक्षणाची साधने त्या जागेतून आणि त्या जागेतल्या माणसांच्या हातून घडावीत, ही दृष्टी इथे उसनी आणावी लागत नाही.

तिसरा आक्षेप दर्जाचा: मोबाइलवर, हलत्या हाताने काढलेले व्हिडिओ कोण बघेल? २०१४ मध्ये फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी एडएक्स या ऑनलाइन व्यासपीठावरच्या अभ्यासक्रमांतल्या ६९ लाख व्हिडिओ-प्रेक्षणांची छाननी केली. सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ सर्वाधिक लक्ष देऊन पाहिले गेले होते, आणि महागड्या स्टुडिओतल्या मुद्रणापेक्षा साध्या, आपुलकीच्या पद्धतीने केलेल्या मुद्रणात लोक अधिक गुंतले होते. तेव्हा चकचकीतपणाची काळजी करू नये, आवाजाची करावी. चित्र जरा धूसर असेल तर प्रेक्षक ते चालवून घेतो, शब्द ऐकू आले नाहीत तर व्हिडिओ बंद करतो. पंखा बंद, गोधड्या टांगलेली छोटी खोली, तोंडापासून वीतभर अंतरावर फोन, आणि मालगाडी जाईपर्यंत थांबण्याची सवय, इतक्यात काम भागते.

चौथा आक्षेप विद्यार्थ्यांच्या बाजूने आहे आणि तो सर्वांत कमी बोलला जातो. हे फुकटचे श्रम तर होणार नाहीत ना? इतिहास सांगतो की होऊ शकतात. अँड्र्यू बेल हा स्कॉटिश धर्मोपदेशक १७८९ मध्ये मद्रासच्या अनाथालयाचा प्रमुख झाला. आपल्या पंतोजींच्या शाळांतही मोठी मुले लहानांना शिकवत, तशीच मुले वाळूत अक्षरे गिरवत एकमेकांना शिकवताना त्याने तिथल्या शाळांत पाहिली, आणि १७९७ मध्ये लंडनला जाऊन या पद्धतीवर पुस्तक लिहिले. विद्यार्थी विद्यार्थ्याला शिकवतो यात जे सुंदर होते ते इंग्लंडमध्ये फार टिकले नाही. शेकडो मुलांमागे एकच पगारी मास्तर ठेवून बाकीचे काम मॉनिटरांकडून करून घेण्याची ती स्वस्त सोय झाली, आणि १८४६ पासून सरकारला पगारी शिकाऊ शिक्षकांची वेगळी योजना आणावी लागली. रिक्त जागा भरायच्या नाहीत आणि मुलांचे व्हिडिओ दाखवून तास भागवायचे, असे आज कोणी केले तर तीच पुनरावृत्ती होईल, आणि या पुस्तिकेचा असा उपयोग कोणी करू नये, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. विद्यार्थ्यांचा व्हिडिओ शिक्षकाच्या तासाला पूरक असतो. त्याची बदली करण्यासाठी तो बनवायचा नाही.

त्याचप्रमाणे विद्यार्थ्याचे श्रम मोजले गेले पाहिजेत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात २०२३ पासून लागू होत गेलेल्या श्रेयांक-रचनेत क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभाग प्रकल्प यांना जागा आहे. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास कामाची अपेक्षा आधीपासून आहे. गवत उपटणे आणि प्रभातफेरी यांच्या जोडीला एका आश्रमशाळेसाठी सहावीच्या विज्ञानाचे चार धडे वारलीतून बनवणे हे त्या तासांत का बसू नये? सहा मिनिटांच्या धड्यामागे वाचन, संहिता, तपासणी, मुद्रण, संकलन धरून सहज तीस-चाळीस तास जातात, हे धरूनच श्रेयांक द्यावेत. व्हिडिओच्या शेवटी प्रत्येकाचे नाव हवे, तपासणाऱ्या प्राध्यापकाचेही. आणि ‘स्पोकन ट्युटोरियल’ने स्वीकारलेला क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना घ्यावा, म्हणजे बोईसरच्या एखाद्या क्लासवाल्याने तो वापरला तरी नाव पुसता येणार नाही आणि त्याच्या सुधारित आवृत्तीलाही तोच खुला परवाना लावावा लागेल.

अलीकडे आणखी एक आक्षेप येतो. कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितले की चार मिनिटांत संहिता, आवाज, चित्र सगळे तयार मिळते, मग विद्यार्थ्याने तीस तास कशाला घालवायचे? हे तीस तास म्हणजेच अभ्यास आहे, हे वरच्या प्रयोगांवरून दिसले. शिवाय यंत्राला मिरचीचे पान माहीत असते ते छापील चित्रांतले. यंत्राची मदत उपशीर्षकांना, आवाजातली खरखर काढायला जरूर घ्यावी. संहितेचा पहिला खर्डा मात्र विद्यार्थ्याने आपल्या हाताने लिहावा, अडखळत लिहावा, कारण कुठे अडखळलो हेच तर त्याला पुढच्याला सांगायचे आहे.

एका गोष्टीत मात्र हात आखडता घ्यायला हवा. कॅमेरा हातात आला की डहाणूत पहिली नजर वारली चित्रांकडे, तारपा नाचाकडे जाते. चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्यामुळे वारली चित्रकला जगभर पोचली आणि २०१४ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. पण लग्नात भिंतीवर चितारला जाणारा चौक हा एक विधी आहे, तो लिहिणाऱ्या सवाशिणी आणि गाणारी धवलेरी या त्या विधीच्या अधिकारी व्यक्ती आहेत. त्यांना आधी विचारावे, बनलेला व्हिडिओ आधी त्यांना दाखवावा, आणि नाही म्हणाल्या तर फाइल पुसून टाकावी. वारली विद्यार्थी स्वतः हे करत असेल तर त्याला ही सीमा बहुधा बाहेरच्यापेक्षा चांगली कळते, हेही त्याच्या हाती कॅमेरा देण्याचे एक कारण आहे.

राहिला प्रश्न बनवलेले पोचवण्याचा. या भागातल्या पाड्यांवर नेटवर्क सगळीकडे सारखे नाही, हे २०२० च्या टाळेबंदीत सगळ्यांनी पाहिले. म्हणून व्हिडिओ लहान आकाराचा, पेन ड्राइव्हवर नेता येण्याजोगा, आणि दाखवताना कोणीतरी तो थांबवून प्रश्न विचारणारा असावा. आश्रमशाळेतला टीव्ही आणि बाजूला उभा राहिलेला, तो व्हिडिओ बनवणारा विद्यार्थी, ही जोडी सगळ्यांत चांगली. यश किती जणांनी पाहिले यावर मोजू नये. मिरचीचा व्हिडिओ संपल्यावर पाहणाऱ्याच्या हातात दोन पाने द्यावीत आणि कोळी कुठला ते विचारावे. दहांतल्या पाच जणांना सांगता आले नाही तर चूक संहितेत आहे, ती पुन्हा लिहावी. व्हिडिओ जुनाही होतो. औषधांच्या शिफारशी बदलतात, काहींवर बंदी येते, अभ्यासक्रम पालटतो, आणि बनवणारा तोवर पदवी घेऊन नोकरीला लागलेला असतो. त्यासाठी प्रत्येक व्हिडिओवर तारीख टाकावी, त्याची संहिता आणि मूळ फाइली महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जमा कराव्यात, आणि दर जूनमध्ये नव्या तुकडीने पहिले काम म्हणून मागच्या तुकडीचे व्हिडिओ बघून त्यांतले काय बदलायला हवे याची यादी करावी. नवीन काही बनवायला त्यानंतरच घ्यावे.